पफर पाळायचाय? मग मासा सगळ्यात शेवटी आणा

दुकानात ‘पफर’, म्हणजे घाबरला की फुग्यासारखा फुगणारा मासा, मागितला की दोन वेगवेगळ्या जाती पुढे येऊ शकतात. एक पिवळट-हिरवा, अंगावर काळे ठिपके असलेला. हा गोड्या पाण्यातला म्हणून विकला जातो, पण मोठा झाला की त्याला मचूळ, म्हणजे थोडं खारं पाणी लागतं आणि तो सहा इंचांपर्यंत वाढतो. नवशिक्यानं त्याच्या वाटेला जाऊ नये. दुसरा ड्वार्फ किंवा पी पफर: जेमतेम इंच-सव्वा इंचाचा, आयुष्यभर गोड्या पाण्यात राहणारा. हा आपल्याच सह्याद्रीचा, केरळ आणि दक्षिण कर्नाटकातल्या नद्यांमधला. पुढचं सगळं याच्याबद्दल.

टाकी २ फूट लांब, १ फूट रुंद आणि सव्वा फूट उंच घ्या, काच ६ मिलिमीटरची. वाळू आणि वरची मोकळी जागा सोडून त्यात साधारण ५५ लिटर पाणी बसतं. भरलेल्या टाकीचं वजन ८० किलोच्या आसपास जातं, त्यामुळे टीव्हीचं शोकेस चालणार नाही. स्टँड लेव्हलमध्ये हवा आणि टाकीखाली थर्माकोलची शीट हवीच, नाहीतर काचेला एकाच कोपऱ्यात ताण येतो. तळाला बारीक, धुतलेली वाळू दीड इंच, म्हणजे १० ते ११ किलो. क्रश सँडची धार पोटाला लागते, ती नको.

फिल्टर साधा स्पंजचा, एअर पंपावर चालणारा. हा मासा पोहण्यात मंद असतो. जोराच्या प्रवाहात तो दमतो आणि खायचं सोडतो. हिटर ७५ वॅटचा, २६ अंशांवर. कोल्हापूरची थंडी लोक फारशी मनावर घेत नाहीत, पण डिसेंबरात पहाटे टाकीचं पाणी सहज २० च्या खाली उतरतं.

महापालिकेच्या पाण्यात क्लोरीन असतं, त्यामुळे प्रत्येक वेळी अँटिक्लोरीन, म्हणजे क्लोरीन घालवणारं द्रावण, घालूनच पाणी भरा. बोअरचं पाणी बहुधा जड असतं. ते वापरायचंच तर आधी पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्क आहे ते, तपासा. ७ ते ७.८ च्या दरम्यान असेल तर चिंता नको.

आता खरं काम. माशाच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो. एक प्रकारचे जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. पहिले दोन्ही पदार्थ विषारी, तिसरा मर्यादेत असला तर निभावतो. हे जीवाणू स्पंजमध्ये वस्तीला यायला चार ते सहा आठवडे लागतात आणि पफर त्या काळात तग धरत नाही. म्हणून मासा न सोडता टाकी पिकवायची. अमोनियम क्लोराइड, म्हणजे कल्हईवाले वापरतात तो नवसागर, पण बाजारातला खडा नको, प्रयोगशाळेच्या दर्जाचा घ्या. ४ ग्रॅम घेऊन १०० मिलिलिटर द्रावण करा आणि त्यातलं १० मिलिलिटर टाकीत घाला. अमोनिया साधारण २ पीपीएमवर, म्हणजे लिटरमागे २ मिलिग्रॅमवर येतो. टेस्ट किटवर तो उतरला की पुन्हा तेवढाच डोस. घातलेला अमोनिया २४ तासांत शून्य आणि नायट्राइटही शून्य दिसलं की टाकी तयार. मग ८० टक्के पाणी बदला. मधेच सगळं थांबलं तर आधी पीएच बघा; तो साडेसहाच्या खाली गेला की जीवाणू मंदावतात.

याच काळात झाडं लावून घ्या: जावा मॉस, जावा फर्न, व्हॅलिस्नेरिया, आणि तीही दाट. टाकीच्या एका टोकाहून दुसरं टोक दिसलं तर नर एकमेकांना फाडतात. या मापात पाच मासे पुरेत, एका नरामागे दोन-तीन माद्या. मोठ्या नराच्या पोटावर मधोमध काळी रेघ आणि डोळ्यांमागे सुरकुत्या असतात. दुकानातल्या पिल्लांत मात्र हे ओळखणं अवघड. सोबतीला गप्पी किंवा फायटर नकोत, हा त्यांच्या शेपट्या कुरतडतो.

खाण्याची सोय आधी. गोळी खाद्याला हा बहुतेकदा तोंड लावत नाही. फ्रोझन ब्लडवर्म (लाल अळ्या), आर्टेमिया (बारीक कोळंबीसारखे जीव) आणि छोट्या गोगलगायी हे त्याचं जेवण. गोगलगायींसाठी वेगळी बरणी ठेवा, उकडलेलं पालकाचं पान टाका, त्या आपोआप वाढतात. रंकाळ्यातून किंवा पंचगंगेतून आणू नका, त्यांच्यासोबत जंत आणि घाण येते. जिवंत ट्युबिफेक्स, म्हणजे गाळातले बारीक लाल किडे, हेही त्याच कारणासाठी टाळा.

विकायला येणारे बरेच पफर नदीतून पकडलेले असतात, पोटात जंत घेऊनच येतात. खातोय पण पोट आत गेलेलं दिसतंय, असा मासा उचलू नका. टाकीत सोडताना जाळी वापरू नका, कपानं घ्या: पाण्याबाहेर फुगला तर हवा गिळतो आणि ती सोडणं त्याला अवघड जातं. फुगतो बघू म्हणून डिवचणाऱ्या पाहुण्यांना टाकीपासून लांब ठेवा.

दर आठवड्याला ३० टक्के पाणी बदला. स्पंज कधीही नळाखाली धुऊ नका, काढलेल्या पाण्यातच पिळा. एप्रिल-मेमध्ये वळीव आला की लाईट जाते. एअर पंप इन्व्हर्टरवर घ्या किंवा बॅटरीचा पंप ठेवा. हिटर इन्व्हर्टरवर लावू नका, बॅटरी उगाच उतरते आणि त्या दिवसांत त्याची गरजही नसते.