तुम्ही विचारलंत म्हणून: आवडली एक आणि घेतली दुसरी, असं का?

रविवारी सकाळी सुरूर फाट्यावर चहाला थांबलं की हा प्रश्न ठरलेला. ऑफिसच्या पार्किंगमध्येही येतो, आणि नव्याने गाडी शिकलेल्या मुली तर आवर्जून विचारतात: "ताई, तुम्ही चार स्पोर्ट्स बाइक चालवून बघितल्यात. अप्रिलिया सगळ्यात जास्त आवडली, असं तुम्हीच सांगत होतात. मग निंजा 300 का घेतलीत? तिचं डिझाइन तर दहा-बारा वर्षांपूर्वीचं." हेल्मेट हातात धरून याचं उत्तर पुरं होत नाही, म्हणून एकदा बसून लिहिते आहे.

सुरुवात जुन्या गाडीपासून करावी लागेल. 250 सीसीची, एका सिलिंडरची स्पोर्ट्स बाइक मी 2012 साली घेतली होती. तेरा वर्षांत लाखाहून जास्त किलोमीटर झाले. गेल्या वर्षी ऑगस्टच्या शेवटी कोथरूडला रस्त्याकडेला ती उभी केली आणि मी समोर भाजी घेत होते. एका टेम्पोने रिव्हर्स घेताना तिला विजेच्या खांबाला दाबलं. आवाज मोठा झालाच नाही. मी वळून बघितलं तेव्हा गाडी पडलेलीसुद्धा नव्हती, खांबाला टेकून उभी होती आणि टाकीतून पेट्रोल ठिबकत होतं.

मला वाटलं, टाकी आणि फेअरिंग बदलून भागेल. माझ्या मेकॅनिकने मागच्या टायरच्या दोन्ही बाजूंनी सुतळी ताणून पुढच्या चाकापर्यंत आणली आणि मला खाली बसून बघायला सांगितलं. एका बाजूला सुतळी आणि टायर यांच्यात जेमतेम एक बोट जात होतं, दुसऱ्या बाजूला दोन बोटं घालूनही जागा उरत होती. हँडलच्या मुळाशी चेसिस वाकली होती. "मॅडम, सरळ करून देतो म्हणणारे भेटतील," तो म्हणाला, "पण घाटात तुम्ही हिच्यावर बसू नका." विम्याच्या सर्व्हेअरनेही टोटल लॉस, म्हणजे दुरुस्तीपलीकडची गाडी, असं लिहिलं. त्या रात्री मी रडले, आणि त्यात लाजण्यासारखं काही आहे असं मला वाटत नाही.

तेव्हा मी नव्या गाडीची हौस म्हणून शोरूममध्ये गेले नव्हते. मला बढती नको होती, बदली हवी होती. जुनी गाडी जे काम करत होती ते काम करणारी गाडी. ते काम असं: आई वाईला एकटी असते. दर शनिवारी सकाळी पुण्याहून कात्रज, शिरवळ, खंबाटकी, सुरूर करत नव्वदेक किलोमीटर जायचं आणि रविवारी दुपारी बोगद्यातून परत यायचं. रविवारी उजाडताना पसरणीचा घाट चढून पाचगणीपर्यंत एक फेरी, ती माझी स्वतःची. आणि वाईला आमच्या घराची गल्ली. नदीकडे उतरत जाणारी, दगडी फरशीची, शेवटी बंद. तिथे गाडी सरळ वळतच नाही. उतारावर बसल्या बसल्या पायांनी रेटत मागे घ्यावी लागते, मग वळवायची. गेली तेरा वर्षं मी हे दर आठवड्याला केलं आहे. माझी उंची पाच फूट तीन इंच आहे.

चार गाड्या निवडल्या. केटीएम आरसी 390, टीव्हीएस अपाची आरआर 310, अप्रिलिया आरएस 457 आणि कावासाकी निंजा 300. यातल्या तीन आपल्या पुणे जिल्ह्यातच तयार होतात, आरसी आणि निंजा चाकणला, अप्रिलिया बारामतीला. अपाची होसूरची. नेमका त्याच सुमारास जीएसटी बदलला. 22 सप्टेंबर 2025ला, घटस्थापनेच्या दिवशी, 350 सीसीपर्यंतच्या दुचाक्यांवरचा कर 28 टक्क्यांवरून 18वर आला आणि त्यावरच्यांवर सेस धरून 31 होता तो 40 झाला. थर्ड पार्टी विम्याचा हप्ताही 350च्या वर गेलं की दुपटीच्या आसपास असतो. म्हणजे निंजा (296 सीसी) आणि अपाची (312) रेषेच्या अलीकडे, आरसी (373) आणि अप्रिलिया (457) पलीकडे. पैशाचा विचार मी केला, पण निर्णय त्यावर झाला नाही, हे मनापासून सांगते.

एका शोरूममध्ये मला विचारलं गेलं, "मिस्टरांसाठी बघताय का?" मी लायसन्स पुढे ठेवलं, तर मॅनेजरशी बोलून तो मुलगा परत आला आणि म्हणाला, "आमचा माणूस चालवेल, तुम्ही मागे बसून अंदाज घ्या." मी तिथून निघाले. मुलींनो, तुमच्याशी असं झालं तर तुम्हीही निघा. दुसऱ्या शोरूममध्ये तीच गाडी नीट चालवायला मिळाली.

टेस्ट राइडला जाताना मी स्वतःचं हेल्मेट, ग्लोव्ह्ज आणि मुख्य म्हणजे रोजचे रायडिंग बूट घालून गेले. बुटाच्या जाड तळव्याने सीटची उंची सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरने कमी झाल्यासारखी होते, चपलेवर बसून बघितलं तर भलताच अंदाज येतो. निघण्याआधी टायरमधली हवा तपासून मागितली. चारपैकी दोन डेमो गाड्यांमध्ये ती कमी होती, आणि कमी हवेची गाडी वळणात जड लागते. तो दोष गाडीचा नसतो. मागच्या शॉकचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगवरचा ताण, तोही सैल करायला सांगितला, कारण माझं वजन 54 किलो आणि डेमो गाडी बहुधा माझ्या दीडपट वजनाच्या माणसांसाठी लावलेली. एवढं करूनही शोरूमची फेरी दोन-तीन किलोमीटरची असते. तेवढ्यात फक्त पिकअप आणि आवाज कळतो, आणि त्या दोन गोष्टी सगळ्याच गाड्यांच्या चांगल्या असतात.

आरसी 390वर बसल्या क्षणी खांदे आपोआप पुढे जातात. 373 सीसीचा एकच सिलिंडर, 43.5 पीएस ताकद, आणि वळणात कललेल्या गाडीतही ब्रेक सांभाळून घेणारं कॉर्नरिंग एबीएस. वळणात ती जशी आत शिरते तशी दुसरी कुठलीच शिरत नाही. विशीतल्या कुणी विचारलं तर मी हीच सुचवेन. पण तिची सीट 824 मिलिमीटर उंच, सिग्नलला माझ्या बुटांची टोकं तेवढी टेकत होती, आणि हातांवर शरीराचा भार इतका येत होता की शिरवळपर्यंत मनगटं बोलायला लागली असती.

अपाचीने मला खरंच पेचात टाकलं. तिचं इंजिन उलटं कललेलं आहे, हवा पुढून आत आणि एक्झॉस्ट मागून बाहेर, त्यामुळे वजन पुढे आणि मधोमध येतं आणि गाडी बसल्यावर आटोपशीर लागते. नव्या आवृत्तीत 38 पीएस. पावसासाठी वेगळा मोड आहे, मागचं चाक घसरू न देणारं ट्रॅक्शन कंट्रोल आहे. पसरणीच्या घाटात ऑगस्टमध्ये डोंगरावरून वाहून आलेला लाल चिखल ज्यांनी पाहिला आहे त्यांना याची किंमत कळेल. सीट 810.

आणि आरएस 457. दोन सिलिंडर, 270 अंशांचा क्रँक, त्यामुळे आवाजाला एक तुटक, भारदस्त ठेका. 47.6 पीएस, 43.5 न्यूटन मीटर टॉर्क, अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम. हँडल फार खाली नाही, मनगटांना त्रास नाही. शोरूमच्या फेरीनंतर मी सगळ्यांना सांगत सुटले की हीच. मग आमच्या रविवारच्या ग्रुपमधल्या एका मित्राने त्याची गाडी अख्ख्या शनिवारसाठी दिली. (उसनी गाडी घेताना एक गोष्ट आधीच बोलून टाकावी: आडवी झाली तर खर्च माझा. मैत्री टिकते.) तो माझ्या मागे त्याच्या भावाच्या गाडीवर होता.

शिरवळच्या पुढे रस्ता मोकळा झाला. मी एका ट्रकला ओव्हरटेक केलं, गिअर न बदलता, नुसती रेस देऊन. सहज. वाऱ्याचा दाब नाही, हँडलला थरथर नाही, काहीच नाही. मीटरवर नजर गेली तर 128. इतक्या वेगात मी त्या रस्त्यावर कधी गेले नव्हते. जुन्या गाडीवर शंभरच्या पुढे गेलं की फूटपेगमधून पोटरीपर्यंत झिणझिण्या यायच्या, तिथेच हात सैल पडायचा. त्या दिवशी मला भीती वाटली नाही, आणि भीती वाटली नाही याचीच नंतर काळजी वाटत राहिली. पुढच्याच फाट्यावर उसाची ट्रॉली रस्त्यावर येत होती. ब्रेक लागला, अंतर पुरेसं होतं, काही झालं नाही. पण त्या ट्रॅक्टरवाल्याने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती मला अजून दिसते. गाडीची यात काहीच चूक नाही. ती जे करायला बनवली आहे ते ती उत्तम करते. मी त्या रस्त्यावर दर आठवड्याला, दमलेली असताना, कधी अंधार पडताना जाणार होते, आणि मला माझा वेग कळवणारी गाडी हवी होती.

मग आमची गल्ली. अप्रिलियाची सीट 800, अपाचीपेक्षा कमी. वजन 175 किलो. उतारावर बसून मागे रेटायला लागले तर बुटांचे चवडे टेकत होते, टाचा वर. सपाट रस्त्यावर चवडे पुरतात. उतारावर गाडी मागे ओढायची तर पूर्ण पाऊल दगडावर रोवावं लागतं, जोर टाचेतून येतो. तिसऱ्या ढकलीला उजवा पाय ओल्या फरशीवरून सटकला. मित्राने मागून गाडी धरली म्हणून निभावलं. आई ओट्यावरून बघत होती. ती काही बोलली नाही, आत जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आली.

निंजा 300 मी शोरूममध्ये चालवली होती तेव्हा फारशी मनात भरली नव्हती. काट्याचा टॅकोमीटर, मोड नाहीत, ट्रॅक्शन कंट्रोल नाही. पण वाईतल्याच ओळखीच्या एका मुलाकडे ती होती, म्हणून रविवारी सकाळी पसरणीसाठी मागून घेतली. बाहेर काढतानाच फरक कळला. सीट 780. वजन 179 किलो, म्हणजे कागदावर अप्रिलियापेक्षा चार किलो जास्त, पण दोन्ही टाचा जमिनीवर आल्यावर ते चार किलो कुठे गेले कळलंच नाही. त्याच गल्लीत, त्याच उतारावर, मी ती चार ढकलींत वळवली.

घाटात तिचे 39 पीएस कमी पडले का? इंजिनचे फेरे कमी असताना, म्हणजे खालच्या आरपीएमला, पडतात. तिची ताकद वरच्या आरपीएमला आहे, 11 हजारांपर्यंत काटा न्यावा तेव्हा ती पूर्ण येते. प्रत्येक वळणाआधी गिअर खाली, वळणातून बाहेर पडताना इंजिन गात वर. हात, पाय, कान सगळे कामाला लागतात. क्लच इतका हलका की वर टेबललँडच्या फाट्यापर्यंत डाव्या अंगठ्याचं मूळ दुखलं नाही. दिवसभर माउस आणि कीबोर्डवर काम करणाऱ्यांना हे दुखणं ठाऊक असेल. दोन सिलिंडरांमुळे हायवेला ती गुळगुळीत आहे, पण वेग लपवत नाही. आणि 17 लिटरची टाकी. वाईला जाऊन येऊन पेट्रोल पंपाची आठवण होत नाही.

ट्रॅक्शन कंट्रोल नाही हे मला आजही खुपतं. पावसाळ्यात मी त्या चिखलात वेग निम्म्यावर आणते, तसं तेरा वर्षं केलं आहे, जुन्या गाडीतही ते नव्हतं. पण ज्यांनी एवढी वर्षं पावसात चालवलेली नाही त्यांना मी अपाची घ्या असंच सांगेन, आणि सांगतेही. तुम्ही पाच फूट आठ इंच असाल, घरापुढे सपाट अंगण असेल, तर तुमचं उत्तर माझ्यापेक्षा वेगळं येईल. मी माझी गल्ली मोजून गाडी घेतली. तुम्ही तुमची मोजा.

दिवाळीत ताब्यात आली. पुस्तिकेत लिहिलं आहे, पहिले 800 किलोमीटर 4 हजार आरपीएमच्या वर न्यायची नाही. तिच्यासारख्या गाडीला तेवढ्यात बांधून ठेवणं जिवावर येतं, पण मी पाळलं. पहिल्या शनिवारी सहाव्या गिअरमध्ये हळूहळू, डाव्या कडेने, मागून येणाऱ्या प्रत्येक एसटीला वाट देत गेले. एरवी दोन तासांत पोचणारी मी त्या दिवशी तीन तासांनी सुरूरला वळले. आईने दोनदा फोन केला होता.

ती आरतीचं तबक घेऊन ओट्यावर उभी होती. मी म्हटलं, थांब, आधी वळवून घेते. टाचा रोवल्या, मागे घेतली, वळवली, तोंड चढाकडे करून साइड स्टँड लावला. आईने टाकीला हळद-कुंकू लावलं, हिरव्या रंगावरून एकदा हात फिरवला आणि विचारलं, "हिचं पुढचं चाक सरळ आहे ना गं?"