चुलवाण थंड झाल्यावर

जानेवारीतल्या एका सकाळी मी दवाखान्याचे शटर वर करण्याआधीच वडणगे रस्त्याकडच्या एका गुऱ्हाळातला गुळव्या, म्हणजे गूळ तयार करणारा कारागीर, पायरीवर बुट्टी घेऊन बसला होता. बुट्टीत एक कबरी मांजर होती आणि तिच्यापासून हातभर दूर, पोत्याच्या तुकड्यावर, डोळेही न उघडलेली चार पिल्ले निपचित पडली होती. “डॉक्टर, रातभर शेकोटीजवळ घिऊन बसलोय, दूध बी पाजलं, तरी हालंनात बघा,” एवढेच तो बोलला.

कोल्हापूरची थंडी उत्तरेसारखी हाडे गोठवणारी नाही, तरीही पारा 11-12 अंशांवर उतरून पंचगंगेकाठी धुके साचले, की उघड्यावरच्या जनावरांना ती पुरेशी जाचक ठरते. त्यातल्या शहाण्या मांजरी हंगामात गुऱ्हाळ गाठतात, कारण चिपाडांवर पेटणाऱ्या चुलवाणाच्या, म्हणजे उसाचा रस आटवण्याच्या मोठ्या चुलीच्या, भिंती आग विझल्यावरही रात्रभर कोमट राहतात. ही मांजर तिथेच व्यायली होती. मात्र ऊसतोड रखडल्याने गुऱ्हाळ तीन दिवस बंद राहिले, चुलवाण थंड पडले आणि पिल्लांची ऊब गेली.

मी थर्मामीटर लावला, तर पडद्यावर आकड्याऐवजी ‘लो’ उमटले; म्हणजे तापमान 32 अंशांच्याही खाली होते. मोठ्या मांजराचे तापमान 38 ते 39 अंशांच्या आसपास असते आणि ते ती स्वतः राखू शकते, पण पहिल्या आठवड्यातल्या पिल्लाला कुडकुडताही येत नाही, त्यामुळे त्याची सगळी ऊब आईच्या पोटातून किंवा जागेतून येते. शरीर इतके गार पडले की आतड्यांची हालचाल मंदावते आणि चोखण्याची, गिळण्याची शक्ती जाते. अशा वेळी तोंडात सोडलेले दूध पचत नाही. पुष्कळदा ते श्वासनलिकेतच उतरते. बोळ्याने दूध पिणे हा आपल्याकडे भाबडेपणाचा वाक्प्रचार आहे, पण इथे खरोखरच कापसाच्या बोळ्याने गाईचे दूध पाजले गेले होते आणि सर्वांत लहान पिल्लाच्या नाकातून ते फेसाळून बाहेर येत होते. त्याच्या छातीतली घरघर ऐकूनच माझी आशा मावळली होती, आणि पंधरा-वीस मिनिटांत ते गेले. रात्रभर जागलेल्या त्या माणसाला त्या क्षणी मी काही बोललो नाही.

उरलेल्या तिघांना सुक्या टॉवेलने हलकेच चोळून, कोमट पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून त्यांच्या शेजारी ठेवल्या आणि खोक्याची एक बाजू मुद्दाम मोकळी सोडली, म्हणजे ऊब जास्त झाली तर पिल्लाला सरकता यावे. ऊब सावकाश द्यावी लागते. शेकोटीच्या धगीने कातडी भाजते आणि आतला जीव गारच राहतो. मी दर काही मिनिटांनी त्यांची कूस बदलत होतो आणि हिरड्यांना ग्लुकोजच्या पाण्याचे बोट लावत होतो. दोन तासांनी एकाने तोंड उघडले, पण आवाज मात्र आला नाही.

त्या सकाळी मला सर्वांत अस्वस्थ केले ते आईच्या वागण्याने. गार पडलेले पिल्लू पुढे केले की ती मान फिरवायची, एकदा तर तिने ते पंज्याने बाजूला सारले. गुळव्या तिच्यावर चिडला. मी त्याला सांगितले, की गार आणि न हलणारे पिल्लू मांजर आपले मानत नाही, त्यात निर्दयपणा नाही. दुपारी बाराच्या सुमारास त्यांतले काळे पिल्लू किंचाळले. मांजर झटकन उठली, त्याला मानेला धरून पोटाशी ओढले आणि चाटू लागली. उरलेली दोघेही तासाभरात तिच्या आचळांशी लागली.

जाताना मी त्याला मासळीचा, स्वच्छ धुतलेला थर्माकोलचा खोका दिला. त्याला वीतभर दार कापून, जमिनीपासून वर दोन विटांवर, वाऱ्याकडे पाठ करून ठेवायला सांगितले. आत गोधडी नको, ती दव पिऊन ओली होते. उसाचे सुके पाचट घाला, असे म्हटल्यावर तो प्रथमच हसला, कारण पाचटाची त्याच्याकडे काय कमी! गुऱ्हाळ पुन्हा सुरू झाल्यावर त्याचा फोन आला. खोका काहिलीच्या, म्हणजे रस उकळण्याच्या मोठ्या कढईच्या, शेडमध्ये, आगीपासून दूर ठेवला होता, आणि चुलवाण पेटवण्याआधी तोंडाशी पत्र्याचा डबा बडवून आत कोणी झोपले नाही ना, हे तो रोज पाहत होता.