मतांगीकाराचे प्रूफ

परतवाड्यात माझा छपाईचा लहानसा व्यवसाय आहे. उन्हाळ्यात लग्नपत्रिका, शाळा उघडताना पावतीपुस्तके व प्रगतिपुस्तके आणि निवडणुका आल्या की पत्रके, असा आमच्या कामाचा क्रम असतो, आणि त्यात विचार करायला लावणारा मजकूर क्वचितच हाती लागतो. मेळघाटाच्या पायथ्याशी असलेल्या एका गावातील ख्रिस्ती मंडळीने ईस्टरच्या आधी आपली उपासना-पुस्तिका नव्याने छापायला दिली, तेव्हा मात्र एका पानासाठी आमच्या दुकानात अख्खी दुपार चर्चा झाली. मी स्वतः ख्रिस्ती नाही. तरीही मुद्रितशोधनाची इतकी वर्षे सवय असूनसुद्धा एखादा मजकूर असा तपासावा लागेल, याची मला त्या दिवसापर्यंत कल्पना नव्हती.

पुस्तिका 32 पानांची होती. मजकुरासाठी दोन प्रती मिळाल्या होत्या. पहिली म्हणजे मंडळीची जुनी छापील पुस्तिका, जिची काही पाने वाळवीने खाल्ली होती. दुसरी म्हणजे मंडळीतील एका शिक्षिकेने वहीत सुवाच्य अक्षरात उतरवून दिलेली प्रत. डीटीपी करणाऱ्या मुलीने वहीवरून जुळणी केली आणि प्रूफ माझ्याकडे आले. प्रार्थना, स्तोत्रे, गीते हे सारे सरळ होते. अडचण आली ती ‘प्रेषितांचा मतांगीकार’ या पानावर.

ज्यांना हा मजकूर परिचित नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. प्रेषित म्हणजे येशूने निवडलेले बारा शिष्य, आणि मतांगीकार म्हणजे ख्रिस्ती विश्वासाची थोडक्यात केलेली जाहीर कबुली. उपासनेत सर्व जण उभे राहून ती एकसुरात म्हणतात. तिचे तीन भाग आहेत. पहिला सर्वसमर्थ देवबापाविषयी, दुसरा त्याचा एकुलता एक पुत्र येशू ख्रिस्त याच्याविषयी आणि तिसरा पवित्र आत्म्याविषयी. तिसऱ्या भागातच पवित्र मंडळी, पापांची क्षमा, शरीराचे पुनरुत्थान आणि सार्वकालिक जीवन यांचा उल्लेख येतो. सर्वांत मोठा भाग मधला.

हा मधला भाग वाचताना मला प्रथम वाटले की वहीत उतरवताना काही ओळी गळाल्या असाव्यात. येशू कुमारी मरियेपासून जन्मला, आणि लगेच पुढच्याच शब्दांत त्याने पंतय पिलाताच्या वेळेस दुःख भोगले. या दोहोंच्या मध्ये एक स्वल्पविराम, बाकी काही नाही. डोंगरावरील प्रवचन, दृष्टांत, रोग्यांना बरे करणे, ज्यासाठी येशूचे नाव ख्रिस्ती नसलेल्यांनाही ठाऊक असते त्यातले एक अक्षरही तेथे नव्हते. जुन्या छापील प्रतीत पाहिले, तर तेथेही तसेच होते. म्हणजे गळती नव्हती, रचनाच तशी होती.

दोन्ही प्रती ओळीला ओळ लावून पाहिल्या, तेव्हा खरे फरक दिसले. छापील प्रतीत ‘मी विश्वास ठेवतो’ असे होते, वहीत सगळीकडे ‘आम्ही विश्वास ठेवतो’. आणि छापील प्रतीत ‘त्याला पुरले’ याच्यापुढे ‘तो अधोलोकात’, म्हणजे मेलेल्यांच्या जगात, ‘उतरला’ असे एक वाक्य होते, जे वहीत नव्हतेच. तेथे पुरल्यानंतर थेट तिसरा दिवस उजाडत होता. लग्नपत्रिकेत असा फरक आढळला असता तर फोनवर विचारून मोकळा झालो असतो. येथे मला ते योग्य वाटले नाही. मी मंडळीच्या पाळकांना, म्हणजे धर्मगुरूंना, निरोप दिला की समक्ष येऊन पान पाहावे, तोवर प्लेट काढत नाही.

दुपारी पाळक आले ते मंडळीतील दोन ज्येष्ठांना सोबत घेऊनच. त्यांपैकी एक होत्या वही लिहिणाऱ्या शिक्षिकेच्या सासूबाई, ज्यांना सारे आजी म्हणत, आणि दुसरे बापू, ज्यांचे शेत गावाला लागूनच होते. पाळक वयाने दोघांच्या मुलासारखे. बोलताना मात्र दोघेही त्यांना आदराने ‘पाळक साहेब’ म्हणत होते.

‘मी’ आणि ‘आम्ही’ यांचा निकाल लवकर लागला. सुनेने विचारपूर्वकच ‘आम्ही’ लिहिले होते, असे आजींनी सांगितले. सगळी मंडळी एकत्र म्हणते, मग एकवचन कशाला, असा तिचा साधा हिशेब होता. पाळकांनी तो हिशेब चुकीचा ठरवला नाही. त्यांनी सांगितले की या मजकुराचे मूळ बाप्तिस्म्यात आहे. तिसऱ्या शतकातील रोमच्या परंपरेशी जोडल्या जाणाऱ्या एका ग्रंथात वर्णन आहे की बाप्तिस्मा घेणारा पाण्यात उभा असताना त्याला तीन प्रश्न विचारले जात आणि प्रत्येक प्रश्नाला ‘मी विश्वास ठेवतो’ असे उत्तर देऊन तो पाण्यात बुडवला जाई. म्हणजे हे उत्तर एकेका माणसाचे होते. उलट इ.स. 325 मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइन याने निकेया येथे बिशपांची परिषद बोलावली, तेव्हा पुत्र हा देवाने निर्माण केलेला आहे असे शिकवणाऱ्या एरियसच्या मताविरुद्ध त्यांनी जो मतांगीकार शब्दबद्ध केला, त्या निकेयाच्या मतांगीकाराची सुरुवात ‘आम्ही विश्वास ठेवतो’ अशी आहे, कारण ती परिषदेची भाषा होती. म्हणून प्रेषितांच्या मतांगीकारात ‘मी’ कायम ठेवायचे ठरले. आजींनी मान डोलावली.

त्याच ओघात मी पाळकांना विचारले की हे खरोखर प्रेषितांनी लिहिले आहे काय. त्यांचे उत्तर मोकळे होते. बारा प्रेषितांनी जगभर पांगण्यापूर्वी एकत्र येऊन हा मजकूर रचला, ही कथा इ.स. 400 च्या सुमारास रूफिनस नावाच्या लेखकाने परंपरा म्हणून नोंदवली आहे. पुढे प्रत्येक प्रेषिताच्या नावावर एकेक वाक्यही लावण्यात आले. पण पंधराव्या शतकात फ्लोरेन्सच्या परिषदेसाठी आलेल्या ग्रीक प्रतिनिधींनी असा मतांगीकार आपल्याकडे नाही असे सांगितले, आणि त्याच शतकात लोरेंझो व्हाला या विद्वानाने ही कथा खोडून काढली. रोममधील जुना, आखूड मजकूर हळूहळू वाढत गेला आणि आज म्हटला जातो तो पूर्ण पाठ आठव्या शतकाच्या सुरुवातीला दिसतो. पाळक हे सांगत असताना दोन्ही ज्येष्ठ शांतपणे ऐकत होते. त्यांना त्यात धक्का बसण्यासारखे काही वाटले नसावे. मला मात्र आपल्याकडे एखाद्या पोथीबद्दल कोणी भर दुकानात असे बोलला असता तर काय झाले असते, हा विचार मनात आल्यावाचून राहिला नाही.

स्वल्पविरामाबद्दलची माझी शंकाही मी मांडली. पाळक हसले आणि म्हणाले की शिकवण बाप्तिस्म्यापूर्वीच दिली जात असे, ती येथे पुन्हा सांगण्याचे कारण नव्हते. वाद ज्या गोष्टींवर होता, त्याच येथे आल्या. येशूचे शरीर खरे नव्हते, त्याचे दुःख आणि मरण केवळ भास होता, असे म्हणणारे लोक सुरुवातीच्या काळात होते. दुसऱ्या शतकाच्या आरंभी अंत्युखियाचा बिशप इग्नाटियस याने आपल्या पत्रात त्यांना उत्तर देताना तो खरोखर जन्मला, पंतय पिलाताच्या वेळी त्याचा खरोखर छळ झाला, तो खरोखर वधस्तंभावर मेला, असे ठासून लिहिले. ‘जन्मला, दुःख भोगले, खिळले, मेला, पुरले’ ही क्रियापदांची रांग म्हणजे त्या वादातील एकेक खुंटी आहे. पिलाताचे नावही त्याला मान देण्यासाठी नाही. तो इ.स. 26 ते 36 या काळात यहूदियाचा रोमन अधिकारी होता, आणि 1961 मध्ये कैसरिया येथे त्याच्या नावाचा कोरीव दगडही सापडला. बापूंना हे लगेच उमगले. “म्हंजे आमचे जुने लोक सांगतात ना, अमक्या तहसीलदाराच्या वक्ती दुकाय पडला, तसंच हाय हे,” ते म्हणाले.

खरी अडचण अधोलोकाच्या वाक्याची होती आणि तेथे दोन्ही ज्येष्ठ परस्परविरुद्ध बाजूंना होते. आजींचे माहेर मेथडिस्ट या प्रॉटेस्टंट पंथाचे होते. अमेरिकी मेथडिस्टांच्या पाठातून हे वाक्य फार पूर्वीच वगळले गेले आहे, आणि सुनेने वही उतरवताना सासूबाईंना तोंडपाठ असलेला पाठ प्रमाण मानला होता. “माह्या माहेरी हे वाक्य नव्हतंच,” आजी म्हणाल्या. “पुरले म्हनलं का थेट तिसरा दिवस. तरी आमचं कधी काई अडलं नाई.”

पाळकांनी आजींच्या बाजूने बरेच काही सांगितले. जुन्या रोमी मजकुरात हे वाक्य नव्हते. ज्या रूफिनसने ते आपल्या अक्विलेया गावच्या पाठात नोंदवले, त्यानेच लिहून ठेवले आहे की रोमच्या आणि पूर्वेकडील मंडळ्यांच्या पाठात ते नाही आणि त्याचा अर्थ बहुधा ‘पुरले’ यातच येऊन जातो. निकेयाचा मतांगीकार इ.स. 381 च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेनंतर ज्या रूपात रूढ झाला, त्यातही ते नाही. पौलाने इ.स. 55 च्या सुमारास करिंथ येथील मंडळीला लिहिलेल्या पत्रात तो मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला, असाच क्रम दिला आहे. आणि ज्यांनी ते वाक्य ठेवले, त्यांचेही त्याच्या अर्थावर एकमत झाले नाही. सोळाव्या शतकातील धर्मसुधारक कॅल्विन याने त्यात वधस्तंभावर येशूने भोगलेल्या आत्मिक यातना पाहिल्या; पूर्वेकडील चित्रकारांनी मात्र अधोलोकाचे दरवाजे मोडून आदाम आणि हव्वेला हाताला धरून वर ओढणारा ख्रिस्त रंगवला.

हे सारे ऐकून मला वाटले की वाक्य आता जाणार. त्या वेळेपर्यंत बापू फारसे बोलले नव्हते. ते बोलले तेव्हा वाद घालण्याचा सूर नव्हता.

“पाळक साहेब, मिशनचे लोक आमच्या गावात आले थे माह्या आज्याच्या वक्ती. त्याच्या आंधी जे मेले, माह्या आज्याचा बाप, त्याची माय, त्यायले कोनी काई सांगतलंच नाई. येसू मेलेल्या लोकायपाशी गेला, हे या एकाच वाक्यात हाय. थे काढून टाकलं, तं त्यायच्यापाशी कोन गेलं म्हनाचं?”

आजपर्यंत मी या मजकुराकडे दूरदेशीच्या जुन्या वादांचा दस्तऐवज म्हणून पाहत होतो. ज्या घराण्यात तीन-चार पिढ्यांपूर्वी हा विश्वास आला, त्या घराण्याला आपल्या त्याआधीच्या माणसांचे काय झाले हा प्रश्न पडणे अगदी स्वाभाविक आहे, आणि युरोपात कित्येक शतके बहुतेक लोक ख्रिस्ती असताना या वाक्याचा जो उपयोग फारसा कोणाला जाणवला नसेल, तो अचलपूर तालुक्यातील एका शेतकऱ्याला जाणवला होता.

पाळकांनी बापूंना खोटा दिलासा दिला नाही. पेत्राच्या पहिल्या पत्रात ख्रिस्ताने तुरुंगातील आत्म्यांना घोषणा केली आणि मेलेल्यांनाही सुवार्ता सांगण्यात आली, अशी दोन वचने आहेत, पण त्यांचा अर्थ काय यावर आजही मतभेद आहेत, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. ख्रिस्त जिथे गेला नाही अशी मरणातलीही जागा नाही, इतके मात्र हे वाक्य नक्की म्हणते, असे ते म्हणाले, आणि त्यापलीकडचे आपण देवावर सोपवतो. बापू म्हणाले, “तेवढं बस्स हाय.”

मंडळीचा अधिकृत पाठ कोणता, हाही विचार झाला. ही मंडळी चर्च ऑफ नॉर्थ इंडियात मोडते. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा चर्चसंस्था एकत्र येऊन ती स्थापन झाली, तेव्हा त्यांत अँग्लिकनांसारखे दर आठवड्याला मतांगीकार म्हणणारे होते, तसेच ख्रिस्ताखेरीज दुसरा मतांगीकार नको असे पिढ्यान्‌पिढ्या मानणारे डिसायपल्स पंथाचे लोकही होते. तरीही प्रेषितांचा आणि निकेयाचा असे दोन्ही मतांगीकार सर्वांनी मान्य केले. अमेरिकी परंपरेचे मेथडिस्ट अखेरच्या टप्प्यावर त्या ऐक्यातून बाहेर राहिले, त्यामुळे आजींचे माहेर आणि सासर यांच्या पाठातला फरक तसाच राहिला. पाळकांनी निर्णय दिला की पूर्ण पाठ छापावा.

मी व्यवसायाच्या सवयीने तोडगा सुचवला. त्या वाक्यावर तारांकन करावे आणि पानाच्या तळाशी ‘काही मंडळ्यांत हे वाक्य म्हटले जात नाही’ अशी टीप द्यावी. अमेरिकी मेथडिस्टांच्या गीतपुस्तकातही अशी टीप असल्याचे पाळक म्हणाले, आणि त्यांना ते पसंतही पडले. आजींना पडले नाही.

“उपासनेत टीप वाचाले कोनाले टाईम हाय? छापाचं तं पुरं छापा. म्या इतकी वर्सं थ्या वाक्याले दम खाऊन पुढं म्हनलं, आताही म्हनीन.”

टीप काढली. त्यामुळे वाचलेल्या जागेत बापूंच्या आग्रहावरून अक्षर दोन पॉइंटांनी मोठे केले, कारण मंडळीतील निम्म्या लोकांना चष्म्याशिवाय वाचता येत नाही. मोठ्या अक्षरामुळे निकेयाचा मतांगीकार आतल्या पानांत बसेना, तो मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला घेतला. पाळकांनी प्रूफवर सही केली, खाली बापूंनी केली, आणि आजींनी वही परत मागून घेतली, कारण सुनेला ती शाळेत दाखवायची होती.