अडत दुकानात पायथन

कोल्हापूरच्या मार्केट यार्डात एका गुळाच्या अडत दुकानात मी दिवाणजी आहे. शिक्षण बी.कॉम., आणि कॉम्प्युटर म्हणजे टॅली नि एक्सेल. दिवाळी पाडव्याच्या मुहूर्ताचे सौदे निघाले की पुढचे काही महिने रोज संध्याकाळी शेतकऱ्यांच्या पट्ट्या, म्हणजे विकलेल्या मालाचे हिशेब, करायच्या. रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा, किती, वजन किती, क्विंटलचा दर काय, त्यातनं हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा. हे काम कॉम्प्युटरकडनं करून घ्यायचं, एवढ्यासाठी पायथन ही प्रोग्रॅम लिहायची भाषा शिकायला बसलो. नोकरी बदलायचं वय नाही आणि हौसही नाही.

सुरुवात व्हिडिओ बघून केली. पण व्हिडिओला प्रश्न विचारता येत नाही. मग मराठीतून पायथन शिकणाऱ्यांच्या एका टेलिग्राम ग्रुपवर गेलो. बहुतेक कॉलेजची पोरं, थोडे नोकरदार. तिथले नियम मात्र कडक. स्क्रीनचा फोटो टाकायचा नाही. कोड मजकूर म्हणून चिकटवायचा आणि खाली लिहायचं, काय यायला पाहिजे होतं आणि काय आलं. फोटोतला कोड चालवून बघता येत नाही, आणि तुमच्यासाठी तो परत टाइप करत बसायला कुणी रिकामं नाही. मला हे पटलं. आमच्याकडं पण कच्ची चिठ्ठी चुरगळून आणणाऱ्याची पट्टी शेवटीच होते.

मी पट्टीचा प्रोग्रॅम कसा लिहायचा म्हणून विचारलं, तर उत्तराच्या जागी प्रश्नच आले. रवा म्हणजे किती किलो? सगळे सारखेच असतात का? हमाली नगावर की वजनावर? दर बदलला तर आधीच्या पट्ट्यांचं काय? इतकी वर्षं हातानं करतोय, पण यातलं काहीच कधी कुणाला समजावून सांगितलं नव्हतं. तीस किलोचा रवा, दहाचा, पाचचा, एक किलोचा, प्रत्येकाचं वेगळं लिहून काढलं. पुण्यात नोकरी करणारी एक ताई म्हणाली, "काका, तुम्ही जे मराठीत लिहिलंय ना, त्याच्या एकेका ओळीचं एकेक फंक्शन करा, म्हणजे एकच काम करणारा कोडचा छोटा तुकडा. प्रोग्रॅम झालाच की." खरंच तसाच झाला. गुळातलं त्या लोकांना काही कळत नव्हतं, आणि माझा फायदा त्यातच झाला.

खरी मजा पुढं आली. प्रोग्रॅमची पट्टी हातच्या पट्टीशी ताडून बघत होतो. एका शेतकऱ्याची रक्कम ३८,४१२.५० आली होती. आमच्यात पन्नास पैसे शेतकऱ्याच्या बाजूनं वर धरतात, म्हणजे ३८,४१३. पायथनच्या राउंड या पूर्णांक करणाऱ्या फंक्शननं दिले ३८,४१२. दुसऱ्याची ३८,४१३.५०, तिथं मात्र बरोबर ३८,४१४. एकाला रुपया कमी, दुसऱ्याला पूर्ण. गुळाच्या पेठेत रुपयाची भानगड म्हणजे चेष्टा नव्हे. शेतकरी पट्टी घडी घालून खिशात ठेवतो आणि चार महिन्यांनी काढून दाखवतो.

दोन्ही आकडे ग्रुपवर टाकले. उत्तर आलं की बिघाड नाही, रीतच तशी आहे. बरोबर अर्धा आला की पायथन ३ जवळच्या सम संख्येकडं जातं. प्रत्येक वेळी वरच धरलं तर हजारो आकड्यांच्या बेरजेत रक्कम फुगते, म्हणून. जुन्या पायथन २ मध्ये २.५ चे ३ व्हायचे. २००८ साली पायथन ३ आलं तेव्हा हे बदललं. माझा व्हिडिओ जुन्या पायथनचा होता, त्यामुळं त्यातलं आणि माझं जमेना. शिवाय पैसे साध्या दशांशात ठेवूच नका म्हणाले. ०.१ हा आकडा कॉम्प्युटरच्या ० आणि १ या दोनच अंकांच्या पद्धतीत नेमका बसतच नाही, त्यामुळं ०.१ आणि ०.२ ची बेरीज नेमकी ०.३ येत नाही. त्यासाठी पायथनमध्येच डेसिमल नावाचं मॉड्यूल, म्हणजे तयार कोड, आहे, आणि त्यात राउंड हाफ अप, म्हणजे अर्धा आला की वर, असं स्पष्ट सांगता येतं. पेठेचा नियम एका ओळीत बसला.

बाकीचं पटपट झालं. विंडोजवर फाइल उघडताना शेतकऱ्यांच्या नावांच्या जागी कचरा दिसत होता. एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, यूटीएफ-८ आहे असं लिहिल्यावर तो गेला. मालक आकडे मराठीतच टाइप करतात. ते आधी इंग्रजी करून घ्यावे लागतील असं धरून चाललो होतो, पण पायथन ३ मध्ये इंट हे फंक्शन '४२' सरळ वाचतं. हे बघून मालकसुद्धा खुर्ची ओढून बसले.

आता पट्ट्या प्रोग्रॅमच करतो. दर सगळे फाइलच्या डोक्यावर एका जागी आहेत. राहिलीय ती उचल, म्हणजे शेतकऱ्यानं आधीच घेतलेले पैसे. कुणाची किती कापायची आणि कुणाची पुढच्या सौद्यावर ढकलायची, हे मालक समोरच्याचं तोंड बघून ठरवतात. त्याचं फंक्शन कसं करायचं, हे मी अजून ग्रुपवर विचारलेलं नाही.