पेनाईल डॉप्लर सोपी, काउंटर अवघड

शुगर जुनी, त्यात वर्षभर ताठरपणा टिकत नव्हता. भिंतीवरच्या 'गुप्तरोग' वाल्यांच्या नादी न लागता सरळ युरोलॉजिस्टकडे गेलो. रक्ताच्या टेस्ट झाल्या (टेस्टोस्टेरॉनचं रक्त सकाळीच द्या, दिवसभरात लेव्हल उतरते) आणि मग डॉप्लर, म्हणजे लिंगातला रक्तप्रवाह बघायची सोनोग्राफी, लिहून दिली. इथून डोक्याला ताप.

नाशिकमधलंच एक सोनोग्राफी सेंटर. सातपूरहून हाफ डे टाकून गेलो. हॉलमध्ये सगळ्या गरोदर बायका, त्यांच्या सासवा, वर 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' चा बोर्ड, आणि काउंटरवरची ताई मोठ्याने, "काका, कशाची सोनोग्राफी?" चिठ्ठी पुढे सरकवली तर तीच मोठ्याने वाचली! वर म्हणे हे करणारे डॉक्टर आज नाहीत, फोन करून या. फोन केला तर म्हणे टेस्टसाठी लागणारं इंजेक्शन तुम्हीच आणायचं, आणलं तर म्हणे सोबत कोणी का नाही आलं. अरे, हे सगळं पहिल्याच दिवशी एका कागदावर लिहून द्यायला काय जातं तुमचं? शेवटी बायकोच येऊन काउंटरवर बोलली, तेव्हा कुठे नंबर लागला. तिचं मला जाम कौतुक वाटलं.

टेस्ट मात्र अगदीच साधी. लिंगात बारीक सुईने इंजेक्शन देतात, त्याने आतले स्नायू सैल पडतात, रक्त भरतं आणि मशीनवर त्याचा वेग मोजतात. एरवी हेच काम नसांमधून सुटणारं नायट्रिक ऑक्साईड करतं. धमनीतला वेग सेकंदाला २५ सेंमीच्या खाली असला तर रक्तच कमी येतंय म्हणायचं. माझा खालीच निघाला. मग डॉक्टरांनी ताठरपणाची गोळी देण्याआधी हार्टची तपासणी लावली, कारण इथल्या धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा बारीक, ब्लॉकेजचा त्रास आधी इथे दिसू शकतो. हार्ट ठीक निघालं, जीव भांड्यात पडला. आता सिल्डेनाफिल (व्हायग्रातलं औषध) चालू आहे. भरपेट तेलकट जेवणावर घेतली तर उशिरा लागते, आणि नुसती गोळी घेऊन काही होत नाही, इच्छा लागतेच. सॉर्बिट्रेट (हार्टवाल्यांची छातीत दुखण्यावरची गोळी) घेणाऱ्यांनी मात्र हिला हातही लावू नका, बीपी धाडकन पडतं.

हो, एक राहिलंच, इंजेक्शननंतर ताठरपणा चार तासांच्या वर राहिला तर ती इमर्जन्सी, सकाळची वाट बघायची नाही. त्यामुळे रात्री उचलला जाईल असा नंबर निघायच्या आधी मागून घ्या, काउंटरचा फोन संध्याकाळनंतर नुसता वाजत राहतो.