थंडीतला पॅक: उड्डाण ४१ ते ४९

उड्डाण ४१. पहाट, हवा ३ अंश, वारा जवळजवळ नाही. स्वतः बांधलेला, पाच इंची प्रॉपचा (पंख्यांचा) क्वाड, म्हणजे चार मोटरचा ड्रोन, आणि फोर-एस म्हणजे चार सेलचा १५०० एमएएचचा लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी पॅक. पॅक आदल्या रात्रीच पूर्ण चार्ज करून ठेवला होता, पण रात्रभर बॅग गाडीतच राहिली. लावला तेव्हा ओएसडीवर (उडवताना व्हिडिओवर दिसणाऱ्या आकड्यांत) १६.७ व्होल्ट. आकडा बघून मी निर्धास्त झालो आणि तिथेच चुकलो.

पहिलं दीड मिनिट सगळं सुरळीत. मग झाडांच्या ओळीवरून वर काढायला थ्रॉटल (मोटरची ताकद) दिला आणि आकडा १५ च्या वरून थेट १२.८ वर आला. थ्रॉटल कमी केला की पुन्हा १५.४. वाटलं, सेन्सरचा घोळ असेल. दुसऱ्यांदा जोरात थ्रॉटल दिला आणि मोटरचा आवाज चढण्याऐवजी खाली बसला. थ्रॉटलची काठी वरपर्यंत ढकललेली आणि ड्रोन मात्र खाली येतोय. तो आवाज अजून कानात आहे. १ मिनिट ५० सेकंदांनी क्वाड गवतात पडला. दोन प्रॉप आणि एक आर्म गेला.

घरी येऊन लॉग उघडला. वापरलेला चार्ज फक्त ५४० एमएएच, म्हणजे जवळजवळ दोन तृतीयांश चार्ज पॅकमध्ये शिल्लक. बॅटरी संपलेली नव्हती. तिच्यात होतं ते ती वेळेवर बाहेर देऊ शकत नव्हती.

पुढचे आठ दिवस उड्डाण बंद ठेवून मी फक्त मोजमाप केलं. तोच पॅक प्रत्येक सेल ३.८५ व्होल्टवर आणला आणि चार्जरवर प्रत्येक सेलचा इंटर्नल रेझिस्टन्स (सेलच्या आतला विजेला होणारा विरोध) घेतला. खोलीत २६ अंशांना आकडे आले ६, ६, ७ आणि ९ मिलिओहम. मग पॅक हवाबंद पिशवीत घालून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवला आणि सकाळी बाहेर काढल्या काढल्या पुन्हा मोजला, चार्जिंग अजिबात न करता. १५, १५, १६ आणि २४.

हे आकडे वहीत एकाखाली एक लिहिले आणि उड्डाण ४१ चा सगळा उलगडा झाला. ५४० एमएएच वापरल्यावर पडून असलेला सेल साधारण ३.९ व्होल्ट दाखवतो, म्हणजे पॅक १५.६. चाळीस अँपिअर ओढले तर गरम पॅकमध्ये चारही सेलचा मिळून सॅग (वीज ओढताना पडणारं व्होल्टेज) १.१२ व्होल्ट. थंड पॅकमध्ये तोच २.८ व्होल्ट. १५.६ मधून २.८ वजा करा, ओएसडीवरचा १२.८ मिळतो. ओएसडीच्या हिशेबात हे सरासरी ३.२ व्होल्ट प्रति सेल. पण चौथा सेल तेव्हा २.९४ वर होता आणि ते मला कुठेच दिसत नव्हतं. सरासरी आकडा कमजोर सेल झाकून टाकतो. खोलीच्या तापमानात ६ आणि ९ मधला फरक मी कधी मनावर घेतला नसता. १५ आणि २४ मधल्या फरकाने क्वाड खाली आणला.

सेलच्या आत होतं असं. थंडीत इलेक्ट्रोलाइट घट्टसर होतो, लिथियमचे आयन त्यातून सावकाश सरकतात, आणि इलेक्ट्रोडच्या पृष्ठभागावरून आत शिरायलाही त्यांना वेळ लागतो. हळूहळू वीज मागितली तर सेल देतो. एकदम मागितली तर व्होल्टेज कोसळतं. म्हणून हॉवरमध्ये (एका जागी तरंगताना) सगळं ठीक दिसतं आणि पंच (एकदम जोराचा थ्रॉटल) दिला की घात होतो. थंड हवा दाट असल्यामुळे प्रॉपला तर उलट थोडी मदतच मिळते: २० अंशांच्या हवेपेक्षा शून्य अंशाची हवा सुमारे ७ टक्के जास्त दाट. अडचण सगळी पॅकमध्ये असते.

दुसरी चूक माझ्या सेटिंगमधली. ईएससीवर (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या बोर्डावर) बीएलहेली-३२ हे फर्मवेअर आहे आणि त्यात लो व्होल्टेज प्रोटेक्शन मी ३.२ वर चालू ठेवलं होतं, पॅक जपावा म्हणून. व्होल्टेज त्याखाली गेलं की ईएससी मोटरची ताकद आवरतो. ही सोय मुळात विमानांसाठी आहे, ताकद कमी झाली तरी पंख असलेलं विमान तरंगत उतरतं. क्वाडला पंख नाहीत. मी ते बंद केलं आहे आणि तुम्ही मल्टिरोटर उडवत असाल तर आजच तपासा असं मनापासून सांगतो. पॅक वाचवायचं काम हवेत ईएससीने करायचं नसतं, ते पायलटने वेळेवर उतरून करायचं असतं. बीटाफ्लाइटमध्ये (क्वाडच्या फ्लाइट कंट्रोलरच्या फर्मवेअरमध्ये) सेलची वॉर्निंग ३.५ ला आणि किमान मर्यादा ३.३ ला मूळचीच असते. मी थंडीपुरती वॉर्निंग ३.६ केली आहे.

उड्डाण ४२ ते ४५. नवा आर्म बसवला, दुसरा पॅक घेतला (चारही सेल ६ ते ७ मिलिओहम) आणि पॅक व स्ट्रॅप यांच्यामध्ये थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) चिकटवला. आता सगळी मोजणी पॅकच्या तापमानाची, हवेची नाही. याच उड्डाणांत माझी एक जुनी समजूत मोडली. थंड पॅक लावून मिनिटभर हॉवर केलं की तो गरम होतो, असं आपण एकमेकांना सांगत आलो आहोत, मीही सांगितलं आहे. ६ अंशांचा पॅक मिनिटभराच्या हॉवरनंतर ८ वर पोहोचला. बस्स, दोन अंश. हिशेबही तेच सांगतो: हॉवरला माझा क्वाड दहा अँपिअरच्या आसपास ओढतो, त्यातून पॅकच्या आत सहा-सात वॉट उष्णता तयार होते आणि प्रॉपचा वारा त्यातली काही लगेच घेऊन जातो. हॉवर मी आजही करतो, पण पॅक तपासायला. मिनिटभर स्थिर, मग कमरेच्या उंचीवर एक छोटा पंच, आणि नजर व्होल्टेजवर. दीड व्होल्टहून जास्त पडलं तर लगेच खाली.

उड्डाण ४६ ते ४८. पॅक गरमच घेऊन जायचा. थर्मल बॅग, तिच्यात सोसवेल इतक्या कोमट पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून, शेजारी पॅक. एक्सटी-६० ला (पॅकच्या मुख्य कनेक्टरला) टोपी आणि बॅलन्स लीड (सेलनिहाय चार्जिंगची बारीक वायर) दुमडून टेपने बंद, कारण बॅगेत किल्लीसारखं काही टेकलं आणि शॉर्ट झालं तर थंडीची काळजी करायला काही उरणार नाही. पॅक २७-२८ अंशांना बाहेर निघतो. हे जमलं, पण उड्डाण ४६ ला जीपीएसची वाट बघत दहा मिनिटं उघड्यावर उभा राहिलो आणि २६ अंशांचा पॅक १४ वर आला. मैदानावरची उष्णता आपण अशी उभ्याउभ्या घालवतो. आता जीपीएस लॉक जुन्या पॅकवर घेतो आणि गरम पॅक शेवटी लावतो, अर्ध्या मिनिटात अदलाबदल. मॉड्यूलला आधीचे सॅटेलाइट आठवत असल्यामुळे दुसऱ्यांदा लॉक लवकर लागतो. पॅकभोवती पाच मिलिमीटर फोमची पट्टीही गुंडाळतो, दोन्ही टोकं उघडी ठेवून.

हे करताना मंगळावरच्या इंजेन्युइटीची आठवण सारखी येत होती. १९ एप्रिल २०२१ ला पहिल्यांदा उडालेल्या त्या छोट्या हेलिकॉप्टरमध्येही लिथियम-आयनचे सहाच सेल होते. रात्री बाहेर उणे ९० अंशांपर्यंत थंडी, आणि बॅटरीतली बरीचशी ऊर्जा उडण्यात नाही तर रात्रभर ऊब टिकवण्यात खर्च व्हायची. तरी त्याने ७२ उड्डाणं केली. पॅक गरम ठेवणं हे उड्डाणाच्या आधीचं किरकोळ काम नाही, त्याची तयारी प्रॉप आणि फेलसेफ (सिग्नल तुटल्यावरची सोय) तपासण्याच्या बरोबरीची, हे मला त्यातून पटलं.

चार्जिंगबद्दल एवढंच: मैदानावरून आणलेला पॅक लगेच चार्जरला लावू नका. सेल थंड असताना चार्ज केला तर लिथियम ग्राफाइटच्या आत शिरण्याऐवजी धातूच्या रूपात त्याच्या पृष्ठभागावर साचतं. ती क्षमता कायमची जाते आणि पुढे आतल्या आत शॉर्ट होण्याचा धोका राहतो. शून्याखाली तर कधीच नाही. मी पॅक आणि क्वाड दोन्ही बंद पिशवीतच खोलीत आणतो, म्हणजे दव पिशवीच्या बाहेर धरतं, बोर्डावर नाही. दोन तासांनी थर्मोकपल २० दाखवतो, मग चार्जर.

उड्डाण ४९, आज सकाळी. हवा २ अंश, म्हणजे उड्डाण ४१ पेक्षाही थंड. पॅक सुरुवातीला २७. हॉवरनंतरच्या पंचला सॅग १.२ व्होल्ट. झाडांची तीच ओळ, तोच चढ, मोटरचा आवाज स्वच्छ वर गेला. ४ मिनिटं २५ सेकंद, १०५० एमएएच, वॉर्निंग एकदाही नाही. उतरल्यावर हातमोजा काढून पॅकवर तळवा ठेवला. फोमखाली तो ३१ अंशांवर होता, बाकी फ्रेम हाताला बर्फासारखी लागत होती.

२४ मिलिओहमवाला पॅक निवृत्त केला आहे. आता तो फक्त जीपीएस लॉकसाठी बेंचवरचा पॅक. यानंतर २१७०० या नळीसारख्या गोल सेलचा लिथियम-आयन पॅक याच पद्धतीने मोजणार आहे. त्यांचा इंटर्नल रेझिस्टन्स मुळातच जास्त, म्हणून थंडीत त्यांचं व्होल्टेज लायपोपेक्षा जास्त पडेल असा अंदाज आहे. फ्रिजमधले आकडे आधी, उड्डाण नंतर. तुमच्यापैकी कोणी असा पॅक दहा अंशांखाली उडवला असेल तर सेलनिहाय आकडे आणि पॅकचं तापमान दोन्ही सांगा, नुसतं हवेचं नको.