पुंगळ्या कळकल्या तेव्हा

ओहायोत आल्यावर सहाव्या वर्षी मला काळ्या दारूच्या, म्हणजे जुन्या पद्धतीच्या बंदुकीच्या दारूच्या, नेमबाजीचा नाद लागला. रायफल १८७४ च्या शार्प्स या जुन्या अमेरिकन बंदुकीची हुबेहूब नक्कल, एका वेळी एकच काडतूस घेणारी. काडतूस .४५-७०, अमेरिकन लष्कराने १८७३ मध्ये स्वीकारलेलं. त्यातले ७० म्हणजे ७० ग्रेन दारू, साधारण साडेचार ग्रॅम. खांद्याला बसणाऱ्या धक्क्याची सवय दोन रविवारांत झाली. रिकाम्या पुंगळ्यांनी, म्हणजे गोळी सुटल्यावर मागे राहणाऱ्या काडतुसाच्या पितळी नळ्यांनी, मात्र वर्षभर घाम काढला.

एका पुंगळीला इथे डॉलरभराहून जास्त पडतो, त्यामुळे ती कुणी फेकत नाही. पुन्हा पुन्हा भरून वापरतात. पहिल्याच दिवशी मी चाळीस पुंगळ्या वेचल्या, झिपच्या पिशवीत टाकल्या आणि गराजमध्ये ठेवून दिल्या. मग ऑफिसचं काम निघालं. तीन आठवड्यांनी पिशवी उघडली तर आत हिरवट-निळसर बुरशीसारखं काहीतरी, आणि पुंगळ्या एकमेकींना चिकटलेल्या.

आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. बंदूक हा विषय तिला अजिबात आवडत नाही, पण पितळ दिसल्यावर राहवलं नाही. "अरे, हे कळकलंय! खरकटं पितळ बांधून ठेवतं का कुणी?"

खरकटं हा शब्द अगदी चपखल होता. काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक. जळल्यावर तिचा निम्म्याहून अधिक भाग वायू न होता घनच राहतो. बराचसा धूर होऊन नळीबाहेर जातो, उरलेला नळीत आणि पुंगळीत बसतो. त्यातले पोटॅशियमचे क्षार हवेतलं पाणी ओढून घेतात, आणि ओलं झालं की पितळाला खायला लागतात. मी तर पिशवी बंद करून तो ओलावा आतच कोंडला होता.

चूक सुधारायला गेलो आणि दुसरी केली. चिंचेने घासायची आठवण होतीच, चिंच हाताशी नव्हती, म्हणून पुंगळ्या व्हिनेगरमध्ये बुडवल्या आणि झोपलो. सकाळी त्या गुलाबी! काडतुसाच्या पितळात साधारण ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त असतं. आम्लाने वरच्या थरातलं जस्त निघून गेलं, तांबं तेवढं राहिलं. दहा मिनिटं पुरली असती. त्या चाळीसच्या चाळीस मी भंगारात दिल्या. ज्यात दाब कोंडायचा त्या पितळावर शंका घेऊन निशाण धरण्यात अर्थ नाही.

मग नेमबाजीच्या रेंजवरच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी हाताला धरून शिकवलं. त्यांचा पहिला प्रश्न असा: "काचा पुसायचं अमोनियावालं द्रव तर नाही ना वापरलंस?" नव्हतं वापरलं, नशीब. अमोनियाने पितळाला तडे जातात. त्यांनी सांगितलेली हकिकत आपल्याकडचीच निघाली. ब्रिटिश फौजा पावसाळ्यात काडतुसं घोड्यांच्या पागांमध्ये ठेवायच्या आणि मोसम संपला की पुंगळ्या चिरलेल्या सापडायच्या. घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि घडवताना पितळात राहून गेलेला ताण, या दोन्हींचा तो परिणाम, हे १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी उलगडलं. घरी येऊन मी पहिल्यांदा मांजराच्या शी-शूचा ट्रे गराजमधून हलवला. बायको अजून हसते.

आता माझ्या गाडीत रुंद तोंडाची प्लास्टिकची बरणी असते, अर्धी पाण्याने भरलेली, त्यात भांड्यांच्या साबणाचे चार थेंब. गोळी झाडली, पुंगळी थंड झाली की थेट बरणीत. येताना रस्त्यावरच्या खड्ड्यांत ती खुळखुळते, तेवढीच आयती घुसळण. घरी आधी वापरलेले प्रायमर, म्हणजे पुंगळीच्या बुडातल्या दारू पेटवणाऱ्या छोट्या टोप्या, ठोकून काढतो, कारण त्यांच्यामागच्या खळगीतली काजळी बाहेरून पाण्याने निघत नाही. मग बारीक ब्रश आणि गरम पाणी. पाणी शाईसारखं काळं होतं, सडक्या अंड्याचा वास येतो. वास जाईपर्यंत खळबळायचं.

हे सगळं गराजमधल्या वेगळ्या घमेल्यात, हातमोजे घालून. प्रायमरमध्ये शिशाचं संयुग असतं, तेव्हा स्वयंपाकघरातलं सिंक, चाळण, चमचा, काहीही नाही. कोरड्या भुशात पुंगळ्या फिरवून चकाकी आणणारेही आहेत. मला ती शिशाची धूळ घरात नको, मुलगी लहान आहे. चकाकीचा सोस मी सोडलाय. काळपट पुंगळी स्वच्छ असेल तर चालते.

सुकवणं मात्र घाईने होत नाही. तोंड खाली करून जुन्या टॉवेलवर उभ्या, वर पंखा, दोन दिवस. दिसायला कोरडी पुंगळी आतून ओली असते, कानाशी हलवून कळत नाही. त्यानंतर सुती पिशवीत. पिशवीवर चिठ्ठी: किती नग, कितव्यांदा झाडलेल्या, कधी धुतल्या. पिशव्या लोखंडी पेटीत, सोबत ओलावा शोषणाऱ्या पुड्या.

पुण्याला जायच्या आधी एक जादा काम असतं. जॅकेटचे खिसे, बॅगेचे कप्पे उलटेपालटे करून झटकायचे. गेल्या डिसेंबरात पाठपिशवीच्या अस्तरात एक पुंगळी निघाली, निघायच्या आदल्या रात्री. ती तिथे कधी गेली कुणास ठाऊक. विमानतळावरच्या जवानाला खरकटं पितळ समजावून सांगायची माझी तयारी नव्हती. चिठ्ठीवरचा आकडा एकोणचाळीसचा चाळीस केला आणि पेटीला कुलूप घातलं.